ज्यूरीच्या बाकावर कोण बसतं?

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वसंत मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

जेवणाच्या आधीचं भाषण म्हणजे काय असतं, हे मला ठाऊक आहे. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा फार ताणत नाही.

गेल्या महिन्यात मला काउंटीकडून ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं बोलावणं. नागरिकत्व घेतल्यापासूनचं पहिलंच. त्या रविवारी एका घरी आम्ही दहाबाराजण जमलो होतो, तिथे मी ते उत्साहाने सांगितलं, तर प्रत्येकाकडे सुटकेची एकेक युक्ती तयार. कुणी म्हणालं, प्रवासाचं तिकीट जोड. कुणी म्हणालं, डॉक्टरची चिठ्ठी आण. एका भावोजींनी तर सरळ 'इंग्रजी कच्चं आहे' असं लिहून द्यायला सांगितलं. हे भावोजी दर मंगळवारी दोनशे लोकांसमोर इंग्रजीतून प्रेझेंटेशन देतात! मीही हसले. घरी आले आणि का कोण जाणे, मुलीची जुनी शाळेची प्रत काढून 'टू किल अ मॉकिंगबर्ड' पुन्हा वाचायला घेतली.

हार्पर लीची ही कादंबरी 1960 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. इथे शिकलेल्या आपल्या बहुतेक मुलांनी ती शाळेत वाचली आहे. आपण पालकांनी मात्र तिच्यावरचा निबंध तेवढा तपासला. तर थोडक्यात सांगते. अलाबामातलं मेकम नावाचं काल्पनिक गाव, मंदीचा काळ म्हणजे 1930 नंतरची वर्षं. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. कोर्टाने त्याचं वकीलपत्र ॲटिकस फिंच यांच्याकडे दिलंय. गोष्ट सांगते त्यांची लहान मुलगी, स्काउट.

माझे वडील सांगलीच्या कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे उलटतपासणी म्हटली की माझे कान टवकारतात. या पुस्तकातली उलटतपासणी फार साधी आहे. मेयेलाला मार लागलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला. म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला, बॉब युएलला, कागदावर सही करायला लावतात आणि तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालाय. मेयेलाला डॉक्टरकडे तर कुणी नेलंच नव्हतं. एवढ्यावर खटला निकालात निघायला हवा होता.

पण टॉमच्या तोंडून एक वाक्य निघून जातं. सरकारी वकील विचारतो, पैसे न घेता तू त्या मुलीची कामं का करून देत होतास? टॉम सांगतो, मला तिची कीव यायची. वकील तेच शब्द पकडतो. तुला? तिची कीव? टॉमलाही कळतं की आपण चुकलो, पण तोवर वेळ गेलेली असते.

मला वाटतं, सगळी कादंबरी इथे गोळा झाली आहे. युएल कुटुंब गावाच्या उकिरड्यामागे राहतं. बाप सरकारी मदतीचे पैसे दारूत घालवतो. त्या घाणीत मेयेलाने फुटक्या भांड्यांतून लाल जिरेनियमची फुलझाडं जपली आहेत. धाकट्या सात भावंडांना एकदा आइस्क्रीम खायला पाठवता यावं म्हणून ती वर्षभर पैसा पैसा साठवते. ॲटिकस तिला कोर्टात 'मिस मेयेला' म्हणतात, तर तिला वाटतं हे आपली थट्टा करताहेत, कारण असं आदराने तिच्याशी आजवर कुणी बोललेलंच नाही. या माणसांकडे एकच गोष्ट उरली आहे : गावात आपल्या खाली कुणीतरी आहे. त्या खालच्या माणसाने वर पाहून कीव केली, तर ती शेवटची मालमत्ताही गेली. मेयेलाचा मला राग येतो आणि पोटात तुटतंही. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला इलाज नाही.

बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवतात. ते कोण होते, हा भाग मला आठवतच नव्हता. निकालानंतर ॲटिकसचा मुलगा जेम विचारतो, आपल्यासारखी माणसं ज्यूरीत का नसतात? तिथे दिसतात ते सगळे रानातले शेतकरी. बायकांना अलाबामात ज्यूरीवर बसताच येत नव्हतं. हे खरोखरच तसं होतं, आणि ते 1966 साली एका फेडरल कोर्टाने मोडून काढलं. पण गावातल्या शिकल्यासवरल्या पुरुषांचं काय? ॲटिकस म्हणतात, एक तर त्यांना त्यात रस नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांना भीती वाटते. दुकानदाराला गिऱ्हाईक तुटण्याची भीती. मग ते सुटका करून घेतात. मला आमच्या रविवारच्या युक्त्या आठवल्या आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आपल्याला ज्यूरी म्हटलं की टिळक आठवतात. 1908 चा राजद्रोहाचा खटला, नऊ जणांची ज्यूरी, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. ज्यूरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं म्हणणं मुंबई उच्च न्यायालयात कोरून ठेवलंय. शाळेत आपण ते पाठ केलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून ज्यूरीच्या बाकाकडे पाहायला आपण शिकलो ते असं. त्या बाकावर एक दिवस आपलीच खुर्ची असेल, हे कुणी शिकवलं नाही.

आणि या देशात ती खुर्ची कुणाला द्यायची नाही, यासाठी केवढा खटाटोप झालाय! अलाबामातच 1931 साली स्कॉट्सबरो इथे नऊ काळ्या मुलांवर मालगाडीत दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा खटला चालला. सगळ्यांत धाकटा तेरा वर्षांचा. आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन मुलींपैकी एकीने दोन वर्षांनी कोर्टात येऊन सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. तरीही ज्यूरीने पुन्हा दोषीच ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा प्रश्न आला की ज्यूरीच्या यादीत काळ्यांची नावं कधी होती का. सरकारने नोंदवही दाखवली, त्यात होती. बचावाच्या वकिलाने न्यायमूर्तींच्या हातात भिंग दिलं. नावं मागाहून घुसडलेली होती. 1935 साली निकाल त्या मुलांच्या बाजूने लागला, पण त्यांची सुटका त्यानंतर वर्षानुवर्षं लांबली. शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती 2013 मध्ये, सगळे गेल्यानंतर.

जुनी गोष्ट म्हणाल, तर आपल्याच जॉर्जियातल्या रोम गावचं 1987 चं एक प्रकरण आहे. सरकारी वकिलांच्या कागदांवर काळ्या ज्यूरी उमेदवारांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली आणि पुढे 'बी' (ब्लॅक) हे अक्षर. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले 2016 साली. आरोपीने तोवर जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात काढली होती.

माणसं ज्या बाकासाठी भिंग घेऊन भांडली, त्यातून सुटायला आपण डॉक्टरची चिठ्ठी शोधतोय. मीही शोधलीच असती. शोधायला बसलेही होते.

कादंबरीतली एक बारीकशी गोष्ट सांगते आणि थांबते. टॉमला निर्दोष सोडा म्हणून एकच ज्यूरी बराच वेळ अडून बसला होता. त्याच्यामुळेच निकालाला मध्यरात्र होत आली. तो कनिंगहॅम घराण्यातला. खटल्याच्या आदल्या रात्री टॉमला तुरुंगातून ओढून मारायला जो जमाव आला होता, त्यात याचाच सख्ख्यासारखा भाऊ होता. ज्यूरी निवडताना ॲटिकसना त्याला काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवला. का, तर नुसता अंदाज म्हणून. स्काउटची आत्या मात्र या कनिंगहॅमांच्या पोराशी खेळू देत नाही, कारण ती हलकी माणसं. आपल्या बैठकीच्या खोल्यांत हे वाक्य किती वेगवेगळ्या आडनावांनी बोललं जातं, त्यावर वेगळं भाषण होईल. आज नाही, मसालेभात गार होईल.

माझं पत्र फ्रिजवर लावलंय. सोमवारी सकाळी साडेआठला हजर राहायचंय. डबा आत नेऊ देतात का, हे इथे कुणाला माहीत असेल तर जेवताना सांगा.