पाठीतल्या पाण्यातला विषाणू ओळखताना

(सोलापुरात वैद्यकीय अधिकारी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, मेंदूच्या आवरणाला सूज आली पण जिवाणू सापडला नाही, की आपण 'असेप्टिक मेनिंजायटिस' म्हणतो. या नावावर फार विसंबू नका. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, जिवाणू उगवले नाहीत, एवढंच ते नाव सांगतं. गावातल्या दवाखान्यात आधीच दोन दिवस अँटिबायोटिक दिलेलं असेल, तरी कल्चर कोरं येऊ शकतं. म्हणून पाठीतल्या पाण्याचा, म्हणजे मणक्यात सुई घालून काढलेल्या मेंदूभोवतीच्या द्रवाचा, रिपोर्ट पूर्ण वाचा. विषाणू असेल तर ग्लुकोज बहुधा ठीक, प्रोटीन थोडं वाढलेलं, पेशी दहा-वीसपासून काहीशेपर्यंत आणि त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त. पहिल्या एक-दोन दिवसांत मात्र न्यूट्रोफिल, म्हणजे एरवी जिवाणूच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशीच, जास्त दिसू शकतात. शंका फिटेपर्यंत अँटिबायोटिक थांबवू नका.

मुलांमध्ये एकापाठोपाठ ताप, डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे असे रुग्ण यायला लागले, तर पहिला संशय एंटेरोव्हायरस या आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या गटावर घ्या. एकोव्हायरस ६, ९, ३०, कॉक्ससॅकी बी५ हे त्यातले नेहमीचे. शंभरावर प्रकार आहेत, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडीवरून सुरुवात करणं फुकट जातं.

सगळा खेळ नमुन्यात आहे. प्रत्येक रुग्णाचा नमुना पाठवण्याची गरज नाही. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतले दहा-पंधरा रुग्ण निवडा, पण प्रत्येकाचे तीन नमुने घ्या: पाठीतलं पाणी, घशाचा स्वॅब, शौच. पाणी काढताना पीसीआरसाठी (विषाणूचं जनुकीय द्रव्य वाढवून शोधणारी चाचणी) एक मिलिलिटर निर्जंतुक नळीत वेगळं ठेवा आणि ते अर्धं-अर्धं दोन नळ्यांत भरा. पेशी मोजून उरलेलं पाणी पीसीआरला देऊ नका, ती नळी चार हातांतून गेलेली असते. स्वॅब डेक्रॉनचा, व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियामध्ये, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवात. शौच घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत, त्यात काहीही न घालता. २ ते ८ अंशांवर दोन दिवसांत पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) पोचणार असेल तर ठीक, नाहीतर उणे ७०. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवणं-वितळवणं चाललं की आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, तुटतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे एसटी स्टँडवर तासभर उन्हात पडलेल्या खोक्यातला बर्फ शिल्लक राहत नाही, तेव्हा आइसपॅक मोजून भरा.

आता पीसीआर. तो विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीच्या, ५'-यूटीआर नावाच्या भागावर बेतलेला असतो. हा भाग सगळ्या एंटेरोव्हायरसांत जवळजवळ सारखा, त्यामुळे 'एंटेरोव्हायरस आहे' एवढंच कळतं, कोणता ते नाही. आणि इथेच घोटाळा होतो. पल्स पोलिओच्या फेरीनंतर आठवडाभराने मुलाचं शौच तपासलं, तर डोसमधला लसविषाणूच पॉझिटिव्ह येतो. घशात सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस असला, तरी पीसीआरमधले काही प्रायमर (विषाणूचा भाग हुडकणारे छोटे तुकडे) तो उचलतात. म्हणून फॉर्मवर शेवटच्या पोलिओ डोसची तारीख लिहा. माझी ही कळकळीची विनंती आहे. शौचात विषाणू कित्येक आठवडे राहतो, त्याचं तिथलं असणं हा आजाराचा पुरावा नव्हे. पाठीतल्या पाण्यात सापडला तर वजन वेगळं.

प्रकार ठरवायला विषाणूच्या कवचाचं प्रथिन बनवणाऱ्या व्हीपी१ जनुकाचा क्रम वाचतात. ज्ञात प्रकाराशी त्या क्रमातले ७५ टक्क्यांहून जास्त न्यूक्लिओटाइड (जनुकाची अक्षरं) जुळले तर प्रकार तोच धरतात. पण रुग्ण संसर्गाच्या एकाच साखळीतले आहेत म्हणायला एवढं पुरत नाही; तिथे क्रम जवळजवळ एकसारखे हवेत, आणि त्याच मुलाच्या पाण्यातला व शौचातला विषाणूही एक निघायला हवा.

विषाणू वाढवायचा असेल तर साधारण २ ग्रॅम शौच, १० मिलिलिटर बफर, काचेचे मणी आणि १ मिलिलिटर क्लोरोफॉर्म एकत्र २० मिनिटं जोरात हलवतात. क्लोरोफॉर्मने जिवाणू मरतात. एंटेरोव्हायरसला चरबीचं आवरणच नाही, तो टिकतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव आरडी पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) घालायचा. विषाणू असेल तर पेशी गोल होऊन चमकतात, मग तळापासून सुटतात. पहिल्या २४ तासांतच सगळ्या मेल्या, तर तो बहुधा शौचाचा विषारीपणा. नमुना पातळ करून पुन्हा लावा. पाच-सात दिवसांत काहीच दिसलं नाही तर ताज्या पेशींवर आणखी एक फेरी.

आणि सगळेच निगेटिव्ह आले तर? गालफुगीची चौकशी करा. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालफुगी नाही. तीन महिन्यांखालच्या बाळांत पॅरेकोव्हायरस, हा एंटेरोव्हायरसचा नातलग, वेगळा मागावा लागतो, एंटेरोव्हायरसच्या पीसीआरमध्ये तो दिसत नाही, आणि त्या बाळांच्या पाण्यात पेशीही वाढलेल्या नसतात कित्येकदा. मग हर्पीस, व्हॅरिसेला (कांजिण्यांचा विषाणू). या साऱ्या चाचण्या त्या दुसऱ्या, न उघडलेल्या अर्ध्या मिलिलिटरवर करायच्या आहेत.