धुराड्याची ओल आणि मिठाची बरणी

हात वर करा बघू, कुणाकुणाच्या घरात अजून धुराडं उभं आहे? सात-आठ जण. म्हणजे बिल्डरच्या तावडीतून सुटलेले सात-आठ! चिमणी म्हटलं की हल्ली गॅसवर लटकणारा स्टीलचा डबा डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी आज धुराडंच म्हणणार.

आपल्याकडे चुलीचा धूर सहसा कौलांतूनच वाट काढायचा. पण ठाण्यात नौपाडा-चरईकडच्या काही जुन्या विटांच्या घरांत स्वयंपाकघराच्या, नाहीतर न्हाणीतल्या बंबामागच्या भिंतीत धुराला बांधीव वाट ठेवलेली असे. गॅस आला, चूल गेली. खालचं तोंड विटांनी बुजवलं, वर फरशी ठेवली आणि सगळे धुराडं विसरले. भिंत मात्र काही विसरत नाही.

चरईतल्या एका आजींनी मला बोलावलं होतं. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर परातीएवढा डाग, कडेने चहा सांडल्यासारखी पिवळट रेघ. "इंजिनिअरसाहेब, तीनदा कौलं परतून झाली हो. डाग जागचा हलत नाही." मी विचारलं, ओला कधी होतो? त्या म्हणाल्या, पाऊस चार दिवस उघडला तरी ओलाच. दिवाळीनंतर खडखडीत कोरडा. आणि मे संपताना, पहिला पाऊस पडायच्या आधीच, परत चिकचिकायला लागतो.

पावसाआधीच ओला! मग कौलांना कशाला दोष द्यायचा?

तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपण तांदळाचे दाणे टाकतो. बरणी गळत असते का? नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. धुराड्याच्या विटांत हेच होतं. लाकूड, गोवऱ्या, कोळसा जळताना धुराबरोबर वाफही वर जाते. ती थंड विटांवर निवते आणि धुरातले सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट विरघळवून विटेत नेते. असं वर्षानुवर्षं चालतं. त्यातले काही क्षार तर मिठापेक्षाही हावरे. कॅल्शियम नायट्रेटला 50-55 टक्के आर्द्रता पुरते. खाडीकाठच्या ठाण्यात जूनपासून त्यांची चंगळच. ती पिवळी रेघ म्हणजे काजळीतला चिकट अंश, पाण्याबरोबर बाहेर आलेला.

प्रत्येक धुराड्याचं दुखणं हेच असतं असं नाही. मोठी सर आली आणि दोन-चार तासांत छताजवळ ओल उतरली, तर ती गळतीच. धुराड्याच्या वरच्या अंगाला कौलांवरून येणारं पाणी आदळतं, तिथे आधी बघा. गवंडी तिथे सिमेंटचा गोळा लावून मोकळा होतो. छपराचं लाकूड फुगतं-आक्रसतं आणि त्या सिमेंटला तडा जातो. तिथे पत्राच हवा, वरची कड विटांच्या सांध्यात खोचलेला.

खात्री करायची तर डागातला गिलावा थोडा खरवडा, चांगल्या भिंतीतलाही तेवढाच घ्या. दोन्ही खडखडीत वाळवून वजन करा. सराफाच्या काट्यावर केलंत तर उत्तम. मग बंद डब्यात एका वाटीत तळाशी मीठ उरेल इतकं घट्ट मीठपाणी ठेवा आणि शेजारी, पाण्याला न टेकता, हे दोन्ही नमुने. डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते. काही दिवसांनी डागातला नमुना ठळकपणे जड झाला, तर चोर सापडला. ओल मोजायच्या दोन सुयांच्या मीटरवर मात्र फार विसंबू नका. क्षारांतून वीज सहज वाहते आणि काटा उगाच उड्या मारतो.

आता उपाय. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः अशा भिंतीवर वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा चढवला होता, मोठ्या ऐटीत. पुढच्या पावसाळ्यात ओल गिलाव्याच्या वर दोन फुटांवर पट्टा होऊन बाहेर आली. मालकांनी मला शब्दानेही विचारलं नाही, फक्त चहा देताना त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवलं.

तेव्हा दाबू नका, श्वास घेऊ द्या. आधी धुराड्याच्या तळातली काजळी, कबुतरांची घरटी आणि विष्ठा काढा, तोंडाला मास्क लावून. त्या विष्ठेतूनही नायट्रेट झिरपतात. खाली वीतभर जाळी बसवा. वरची फरशी काढून फेकू नका, चार विटांच्या पायांवर उचलून ठेवा आणि बाजूंना कबुतरांसाठी जाळी. हवा खालून वर खेळली पाहिजे. दोन्ही तोंडं बुजवली की आतला दमटपणा आतच कुजतो. मग डागाच्या कडेपलीकडे फूटभर गिलावा विटेपर्यंत पाडा. पाडकाम दिवाळीनंतर, म्हणजे विटांना वाळायला उन्हाळ्यापर्यंत वेळ मिळतो. नवा गिलावा चुन्याचा, वर चुन्याचाच रंग. क्षार त्यात येऊन बसतील, तो खराब होईल, होऊ द्या. त्याचं कामच ते. क्षार फारच असतील तर भिंतीपासून सुटा, मागे हवा खेळेल असा बोर्ड लावा.

आजींकडे हेच केलं. दुसऱ्या पावसाळ्यात फोन आला: डाग नाही, पण पांढरं पीठ येतंय, फडक्याने पुसू का? मी म्हटलं, आजी, ओलं फडकं लावलंत तर तो लोणा, म्हणजे बाहेर आलेले क्षार, परत भिंतीत जाईल. कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली कागद धरा.