मिरजेचा तंबोरा : घोडीवरचे चार चरे

जुना तंबोरा दुरुस्तीला आला की कारागीर आधी घोडी बघतो, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती छोटी बैठक. या घोडीवर चार चरे पडलेत, एकेका तारेचा एक. तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर घासत कंप पावते, त्यातून झंकार उठतो. तीच जवारी. चरा पडला की तार त्यात रुतते आणि आवाज बसतो.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. सुरुवात केली ती फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता ते सतारमेकर झाले. कानस मात्र हातात तीच राहिली.

भोपळा येतो पंढरपूरकडून. खायचा नव्हे, कडू. तो महिनोन्‌महिने वाळवतात, कापून भिजवतात, गर खरवडतात आणि तोंड आकसू नये म्हणून आत काटक्यांचा ताण देतात. भोपळा मापावर मिळत नाही, त्यामुळे मिळेल त्या भोपळ्याच्या घेरावरून गळा आणि दांडी बेततात. त्यासाठी लाकूड तुणीचं. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, जाड राहिली तर आवाज कोंडतो. पातळ झाली तर तारांच्या ओढीने घोडीखाली खचते, आणि मग नवी तबली बसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

नक्षी, पॉलिश हे सगळं डोळ्यांसाठी. तंबोऱ्याची किंमत ठरते ती घोडीवर.

तारा उतरवून पाठीवरून बारीक कानस फिरते. दोन-चार हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. पाठ फार सपाट झाली तर तार खरखरते, फार गोल झाली तर जवारी बंद. प्रत्येक घासणीत घोडीची उंची थोडी कमी होते; तार तबलीच्या फार जवळ आली की घोडीच बदलावी लागते. पूर्वी ती सांबरशिंगाची करत. आता त्याला कायद्याने बंदी आहे, म्हणून हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

शेवटी झंकार नेमका जुळवायला तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. पहिल्या, पंचमाच्या तारेला एका जागी, मधल्या जोडाच्या दोन्ही तारांना जवळपास सारख्या जागी, शेवटच्या जाड पितळी खर्जाला आणखी वेगळीकडे. पावसाळ्यात लाकूड फुगलं की काल जुळलेली जागा आज चुकते. मग कानस उचलायची घाई करू नये. आधी दोरा केसभर मागे-पुढे करून बघावा.