रेघेची शाई आणि रंगाचे पाणी

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘ठशांच्या शुभेच्छापत्रांवरील रंगकामाच्या पद्धती’ असा छापला आहे आणि त्या पद्धतींकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट मांडल्यावाचून मला राहवत नाही. ठशाच्या, म्हणजे ठशाने रेघेचे चित्र छापून मग हाताने रंगवलेल्या, कार्डावरचे रंगकाम बिघडते ते बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, तर रेघेच्या शाईमुळे, आणि तरीही शाईविषयी कोणी विचारत नाही. ‘कोणत्या कंपनीचे मार्कर घेऊ?’ हा प्रश्न मात्र हमखास पहिला येतो. (आजही तो काहींच्या ओठांवर आहे, हे मला इथून दिसते.)

छापलेली रेघ आणि हाताने भरलेला रंग ही जोडी जुनी आहे. जपानमध्ये १७६५च्या सुमारास अनेक लाकडी ठोकळ्यांची पूर्ण बहुरंगी छपाई सुरू झाली. त्याच्या बऱ्याच आधीपासून रेघेचे चित्र ठोकळ्याने छापून त्यात कुंचल्याने रंग भरीत असत. हेन्री कोल यांनी लंडनमध्ये १८४३ साली काढलेले, पहिले व्यावसायिक मानले जाणारे नाताळचे कार्डही शिळाछापावर (दगडावरून होणाऱ्या छपाईने) छापून हातानेच रंगवलेले होते. शिळाछापाची शाई तेलकट असते, त्यामुळे तिच्यावरून जलरंगाचा ओला कुंचला फिरला तरी रेघ जागची हलत नाही. आपल्याला मात्र ही निवड स्वतः करावी लागते, कारण बाजारातले सगळे काळे इंकपॅड दिसायला सारखेच असतात.

एका कार्यशाळेत मी हे फार जवळून पाहिले. संयोजकांनी उत्साहाने उत्तम अल्कोहोल मार्कर (रंग अल्कोहोलमध्ये विरघळवलेले पेन) आणले होते आणि त्यांच्या जोडीला काच-प्लास्टिकवरही टिकणाऱ्या शाईचे पॅड प्रत्येक टेबलावर ठेवले होते. ‘पक्की शाई’ म्हणून ती निवडलेली. पण ती पाण्याला पक्की असते, अल्कोहोलला नव्हे. पिवळ्या मार्करचे टोक रेघेला लागताच रेघ सुटू लागली, पाकळ्या धुरकट झाल्या आणि मार्करची टोकेही काळवंडली. शिक्षिका टेबलाटेबलांवरून ‘हात हलका ठेवा’ असे सांगत फिरत होत्या. एका गृहस्थांनी आपल्या सूर्यफुलाला ग्रहण लागल्याचे जाहीर करून कार्ड पूर्ण केले. त्यांचा अपवाद सोडला, तर बाकी सगळे ‘आमच्या हातात कलाच नाही’ असे म्हणत घरी गेले. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या वाक्याविषयी. जो दोष पॅडचा, तो माणसांनी स्वतःच्या हातावर घेतला, आणि त्यांना तसे सांगणारे तिथे कोणी नव्हते. मी बोललो, पण तोवर चहा आला होता.

नियम सोपा आहे: रेघेची शाई ज्या द्रवात विरघळते, तो द्रव रंगात असता कामा नये. अल्कोहोल मार्करखाली पाण्यावर आधारलेली डाय शाई (जिच्यात रंग विरघळलेला असतो ती) चालते, ती मात्र पूर्ण वाळू द्यावी. जलरंगाखाली तीच शाई फुटण्याची भीती असते; तिथे जलरोधक शाई हवी. शंका असेल तर त्याच कागदाच्या तुकड्यावर ठसा उमटवून, वाळल्यावर त्यावरून रंग फिरवून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

घड्याळाकडे बोट दाखवले जात आहे, तेव्हा पद्धती भराभर सांगतो. अल्कोहोल मार्करला गुळगुळीत, दाट कागद द्यावा. फिकी, मध्यम आणि गडद अशा एकाच रंगाच्या तीन छटा घेऊन, सावली ठेवल्यावर पुन्हा फिक्या छटेने कड मिसळावी. हा रंग कागदाच्या पाठीवर उतरतो, म्हणून चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवून मग कार्डावर चिकटवावे. जलरंगासाठी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद बरा, आणि तोही भिजून वाकला तर वाळल्यावर वजनाखाली ठेवावा. रंगपेन्सिलीला थोडा खरखरीत कागद लागतो; दाबून एकदा रंगवण्यापेक्षा हलके थर चढवावेत.

एम्बॉसिंगवर, म्हणजे पावडर वितळवून रेघ उंच करण्यावर, स्वतंत्र व्याख्यान व्हावे, इतके ते मला प्रिय आहे. सावकाश वाळणाऱ्या पिगमेंट शाईने (जिच्यात रंगाचे बारीक कण असतात) ठसा उमटवून, ती ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर टाकावी, जास्तीची झटकून हीट गनने (गरम हवेच्या यंत्राने) वितळवावी; रेघ उंच होते आणि जलरंग तिच्याशी अडतो, त्यामुळे नवशिक्याचाही रंग सहसा बाहेर जात नाही. रेघच नको असेल, तर अगदी फिक्या शाईने ठसा उमटवून ती रंगात बुडू द्यावी. मात्र पाकळीवर पाकळी कुठे आली आहे हे मग केवळ सावलीनेच दाखवावे लागते, म्हणून मूळ ठशाची एक काळी प्रत समोर ठेवून काम करावे. चमक दाखवणारा पांढरा जेल पेन सर्वांत शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावरच. त्यावरून मार्कर फिरवला, तर ठिपकाही मळतो आणि मार्करचे टोकही.