धामण बुडी मारते तेव्हा

मंडळी, पाण्यात साप दिसला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: दिवड. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण पावसाळ्यात भातखाचरात, ओढ्याच्या डोहात किंवा विहिरीत पोहणारा लांबलचक साप धामण असू शकतो, आणि आज मला तिच्या या पाण्यातल्या वागण्याबद्दलच बोलायचं आहे.

धामण तशी जमिनीवरची. बिनविषारी, दिवसाउजेडी फिरणारी, उंदरामागे बिळात घुसणारी आणि झाडावरही सरसर चढणारी. लिनिअसने १७५८ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. पाच-सहा फुटांची धामण आपल्या शेतात सहज दिसते, त्याहून मोठ्याही असतात. पाण्यात तिचं फक्त डोकं वर असतं, म्हणून ओळखही डोक्यावरूनच पटवावी लागते. मोठे गोल डोळे, बारीक मान आणि ओठांवरच्या खवल्यांच्या कडांना काळ्या उभ्या रेघा. दिवडीच्या डोळ्याखाली आणि डोळ्यामागे दोन तिरप्या काळ्या रेघा असतात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता बुडीबद्दल. एका ओढ्यावर करंजाची फांदी डोहावर आली होती आणि तिच्यावर धामण ऊन खात पसरली होती. आमच्यातल्या कुणीतरी हात वर केला आणि ती थेट पाण्यात पडली. आधी सगळे पोहतात तशी पोहली, मान वर काढून, अंगाला नागमोडी हेलकावे देत. मध्येच थांबली. नाकाशी बारीक बुडबुडे दिसले, डोकं खाली गेलं आणि मागोमाग सगळं अंग. पाणी नितळ होतं, त्यामुळे पुढचं स्पष्ट दिसलं. ती तळाला गेली आणि तिथे पोहायचं सोडून चक्क सरपटू लागली. दगडाला अंग घासत, दगडामागून दगड धरत काठाच्या मुळ्यांमध्ये शिरली आणि निपचित झाली. बऱ्याच वेळाने मुळ्यांमधून फक्त नाकाचा शेंडा वर आला, तोही पाण्याला जेमतेम टेकून.

ते बुडबुडे महत्त्वाचे आहेत. सापाचं उजवं फुप्फुस लांबलचक असतं, डावं अगदी नाममात्र किंवा नसतंच. उजव्या फुप्फुसाचा मागचा भाग नुसत्या हवेच्या पिशवीसारखा असतो. ती भरलेली असली की साप आपोआप तरंगतो, म्हणून खाली जायचं तर हवा सोडावी लागते. म्हणजे धामण श्वास साठवून नव्हे, काही अंशी सोडून देऊन बुडते! मग ती टिकते कशी? सापाला स्वतःचं शरीर गरम ठेवावं लागत नाही. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने विश्रांतीच्या वेळी त्याला साधारण दहाव्या हिश्शाइतकाच प्राणवायू पुरतो. शिवाय त्याच्या हृदयाचा खालचा कप्पा पूर्ण विभागलेला नसतो, त्यामुळे श्वास रोखलेला असताना फुप्फुसाकडे जाणारं रक्त कमी करून ते शरीराकडे वळवता येतं. ठोकेही मंदावतात. मला ही रचना फार सुंदर वाटते. एरवी उंदरामागे धावणारा प्राणी तेवढ्यापुरतं आपलं सगळं शरीर सावकाश करून टाकतो.

बेडकांसाठीही धामण पाण्यात उतरते. पहिल्या पावसानंतर डबक्यांत बेडूक गोळा होतात, तेव्हा ती हमखास आसपास असते. अजगरासारखा विळखा घालून ती शिकार मारत नाही. जबड्यात धरते, जमिनीशी दाबते आणि गिळते. पाण्यात दाबायला जमीन कुठली? मी पाहिलेल्या धामणी बेडूक तोंडात धरून आधी काठाकडे वळल्या.

काठाकडे वळल्या, कारण काठ होता. मला खरी काळजी वाटते ती इथे. जुन्या दगडी विहिरींच्या बांधकामात कपारी असतात, पिंपळाची मुळं उतरलेली असतात. धामण तिथे विसावते, जमलं तर वरही येते. सिमेंटच्या गुळगुळीत कड्यांच्या विहिरीत ते जमत नाही. आणि प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं तर त्याहून वाईट. सापाच्या पोटावरचे रुंद खवले खडबडीत जागेत अडकतात आणि त्या जोरावर तो पुढे सरकतो. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर अडकायला काहीच नाही. पोहण्यात तरबेज असलेली धामण तिथे कडेकडेने फिरत राहते आणि अखेर दमून बुडते. मुंगसाचं, सशाचं, कोल्ह्याचंही तेच होतं.

उपाय स्वस्त आहे. गोणपाटाच्या लांब पट्ट्या शिवून किंवा जाड काथ्याचा दोर गुंडाळलेले बांबू वरच्या काठाला पक्के बांधा आणि त्यांचं दुसरं टोक पाण्यात सोडा. तळ्याच्या चारही बाजूंना सोडा, कारण दमलेला प्राणी कडेकडेने फिरतो आणि समोर येईल त्याला धरतो. नायलॉनची जाळी मात्र टाकू नका. खवल्यांत अडकून तिचा फास बसतो.

विहिरीत धामण दिसली तर जाणत्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर दोराला बांधलेली टोपली पाण्यात अर्धी बुडेल अशी सोडून ठेवा आणि मागे सरा. माणसं दूर झाली की दमलेली धामण बहुतेकदा आपणहून तिच्यात चढते. शेपटीत विष असतं, शेपटी मारली की अंग सडतं, असल्या समजुतींपायी काठावरची पोरं दगड मारतात, त्यांना आधी थांबवा. तिच्या शेपटीत विष नाही आणि दातांतही नाही. दगड पडला की ती पुन्हा हवा सोडून तळाला जाते, आणि तासन्‌तास पोहून थकलेल्या सापाला तिथून परत वर यायला जोर उरलेला नसतो.