बर्चच्या लाकडाचं जेल आणि लिव्हरच्या पेशी

नमस्कार मंडळी. लॅबमध्ये पेशी वाढवायच्या म्हणजे आपण काय करतो, तर प्लॅस्टिकच्या सपाट डिशमध्ये गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, घालतो, पेशी सोडतो आणि त्या तळाला चिकटून पसरतात. पण शरीरात लिव्हरची पेशी अशी सपाट पडलेली नसतेच हो, तिच्या चारी बाजूंनी दुसऱ्या पेशी असतात, मधून पित्ताच्या बारीक नळ्या जातात, आणि हे सगळं काढून घेतलं की काही दिवसांतच ती आपलं काम विसरायला लागते, औषधं पचवणारी एन्झाइम्स कमी होतात. अशा पेशीवर औषध टेस्ट करून ते लिव्हरला सोसेल की नाही हे ठरवायचं, हे मला मनापासून खटकतं.

म्हणून थ्रीडी, म्हणजे पेशी सपाट डिशवर न पसरवता जेलच्या आत चारी बाजूंनी वाढवायच्या. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे ते मॅट्रिजेल, आणि ते बनतं उंदराच्या ट्यूमरपासून. काम चांगलं करतं, वादच नाही, पण त्यात शेकडो प्रथिनं, ग्रोथ फॅक्टर्स म्हणजे पेशींना वाढायला सांगणारे रेणू, आणि प्रत्येक बॅच थोडी वेगळी. शिवाय बर्फावर ठेवूनच हाताळायचं, जरा गरम झालं की घट्ट.

फिनलंडमध्ये लोकांनी झाडाकडे बघितलं. बर्चच्या लाकडाचा पल्प म्हणजे लगदा घ्यायचा, सेल्युलोजचे तंतू इतके सुटे करायचे की जाडी नॅनोमीटरमध्ये आणि लांबी मायक्रोमीटरमध्ये, मग पाण्यात दीड टक्का असले तरी त्याचं पारदर्शक जेल होतं. 2012 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या ग्रुपने यात लिव्हरच्या पेशी वाढवून दाखवल्या, त्यांचे गोळे म्हणजे स्फेरॉइड तयार झाले. पुढे यूपीएम या तिथल्या कागद-लाकूडवाल्या कंपनीने असं जेल ग्रोडेक्स नावाने बाजारात आणलं.

हाताळायला हे जेल फार सुंदर आहे. पिपेटमध्ये ओढलं की दाबामुळे पातळ होऊन वाहतं, प्लेटच्या खळग्यात सोडलं, हात थांबला, की परत घट्ट, अगदी टोमॅटो सॉसच्या बाटलीसारखं. बर्फाची गरज नाही.

आणि खरी गंमत पेशी बाहेर काढताना. सेल्युलेज एन्झाइम टाकलं की ते सेल्युलोजच तोडतं, आणि माणसाच्या पेशीत सेल्युलोज नसतंच, त्यामुळे जेल विरघळतं आणि गोळे जसेच्या तसे हातात येतात. मला विचाराल तर वनस्पतीचं मटेरियल घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच, प्राण्यांच्या जेलमध्ये प्रथिनं तोडायची तर पेशीवरची प्रथिनंही धोक्यात येतात.

पण आंधळेपणाने वापरू नका. सेल्युलोजवर पेशींना धरायला जागाच नाही, म्हणून त्या एकमेकींना धरतात आणि गोळा होतो. लिव्हरला ते चालतं, पण ज्या पेशींना चिकटूनच पसरायचं असतं त्यांच्यासाठी तंतूंवर छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, जोडावे लागतात. गोळाही फार मोठा होऊ द्यायचा नाही, ऑक्सिजन शे-दोनशे मायक्रोमीटरच्या पुढे नीट पोचत नाही आणि मधल्या पेशी मरतात.

आपल्याकडे मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था, सिरकॉट, नॅनोसेल्युलोज म्हणजे असेच नॅनो जाडीचे सेल्युलोज बनवते, पायलट प्लांट आहे. पण कागदात किंवा कंपोझिटमध्ये घालायचं नॅनोसेल्युलोज आणि पेशींसाठीचं यात फरक आहे, पेशींसाठी निर्जंतुक हवं, एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंचं विष काढलेलं हवं, दर बॅचची जाडी-लांबी मोजलेली हवी. इथे बायोटेकची मुलं बसलीत म्हणून मुद्दाम सांगतो, कापसाच्या सेल्युलोजवर हे सगळं करून बघायला हात घाला.