लालबागची एमजी

(पडदा काळा. आधी फक्त आवाज : हातोड्याचे चार ठोके. मग शटर वर जातं.)

हा तांब्याचा आवाज आहे. लोखंडी हातोडा असता तर टणटण झाली असती. तांबं जरा बसक्या आवाजात बोलतं. चाकाच्या मधोमध दोन कान असलेलं हे नट आहे ना, त्याच्या कानावर हातोडा मारायचा. चार ठोके, आणि चाक हातात. फक्त एक भानगड आहे. डाव्या चाकांचे आटे सुलटे आणि उजव्यांचे उलटे, म्हणजे गाडी पळताना चाक सैल पडण्याऐवजी आवळत जातं. हे ज्याला ठाऊक नाही तो उजवं चाक काढायला बसतो आणि अर्धा तास घाम गाळून ते आणखी घट्ट करतो. मी केलंय. काका बाकड्यावर बसून चहा पीत बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

काका गेल्या श्रावणात गेले. नव्वदीला दोन वर्षं कमी होती.

(दृश्य : ताडपत्री ओढली जाते. गाडी.)

ही त्यांची एमजी टीसी, १९४८ सालची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ हॉर्सपॉवर. आज सोसायटीच्या पार्किंगमधल्या साध्या हॅचबॅकमध्येही याहून जास्त असते. पण ती हॅचबॅक चालवताना कोपर रस्त्याच्या इतकं जवळ येत नाही, आणि समोरची काच बॉनेटवर आडवी पाडून वारा थेट तोंडावर घेता येत नाही.

काकांचा लालबागला लेथचा छोटा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. मिलना लागणारे बुश, पिना, स्पिंडल करून द्यायचे. अशा माणसाने स्पोर्ट्स कार घ्यावी, हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. गाडी आली तेव्हा ती गाडी नव्हतीच म्हणा. आधीच्या मालकाच्या बंगल्यामागे सहा पावसाळे उघड्यावर काढलेला सांगाडा होता तो. काकांनी पैसे किती मोजले, ते काकूला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो काळ लक्षात घ्या. परदेशी गाड्या यायचं जवळपास बंद झालं होतं. आपल्या शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, तिनेही १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरल्या अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. ज्याला रेस करायची हौस, त्याने एक तर फियाटचं इंजिन खोलून तिला पळायला शिकवायचं, नाहीतर साहेब लोकांनी मागे सोडलेलं काहीतरी शोधायचं. संस्थानिकांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे जॅग्वार एक्सके १२० असायची, ३४४२ सीसीची.

(दृश्य : दार उघडतं. आतली लाकडी चौकट.)

आता इथे बघा. दार मागच्या बाजूला बिजागरीवर आहे, उघडतं पुढून. पत्र्याखाली लाकूड दिसतंय? टीसीच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असतो. विलायतेत तो अ‍ॅश नावाच्या झाडाचा करायचे. अ‍ॅबिंग्डनच्या माणसाला मुंबईची वाळवी ठाऊक असायचं कारण नव्हतं. काकांनी पत्रा सोडवला तेव्हा आत भुसा होता नुसता. मग गणपतीचे मंडप बांधणाऱ्या एका सुतारमामांना बोलावलं. ते म्हणाले, "गाडीत लाकूड? मग ही मोटार न्हाय, बैलगाडी हाय." आणि कामाला लागले. ही सगळी चौकट सागवानी आहे. सांध्यांना स्क्रू आहेत, पण मामांनी स्क्रूवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक सांध्यात खुंटीही मारली आहे. इतक्या वर्षांत दार एकदाही कुरकुरलेलं नाही.

इंजिनाची गंमत याहून मोठी. इंग्रजी गाडी म्हटल्यावर कुणीही इंग्रजी पाने काढतो. नटबोल्टांच्या डोक्यांना ते बसतातही, कारण डोकी व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजी मापाची. पण आटे मिलिमीटरचे! एमजीची मूळ कंपनी मॉरिस. तिने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापाची, ती बदलायची कोण? मग डोकं इंग्रजांचं आणि अंग फ्रेंचांचं, असा बोल्ट निघाला, तोच पुढे या इंजिनापर्यंत आला. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १ मिलिमीटरचा बारीक आटा. बाजारात सहज मिळणाऱ्या ८ मिलिमीटर बोल्टाचा आटा सव्वाचा असतो, म्हणजे तोही चालत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर काकांचे हात थरथरायला लागले, तेव्हा आम्ही पोरांनी शहाणपणा करून गाडी एका नावाजलेल्या गॅरेजला दिली. त्यांनी बोल्ट बसेना म्हणून आटे पाडायचा इंग्रजी टॅप फिरवला आणि ब्लॉकमधली तीन भोकं बाद केली. बिल मात्र चोख लावलं. काकांनी ती भोकं पुन्हा भरून, आटे पाडून घेतले. लेथवर बसायला स्टूल घेतलं, एवढाच फरक. आम्हाला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

(दृश्य : काळे-पांढरे फोटो. धावपट्टी, गवताचे भारे, तेलाचे पिंप.)

हे जुहू. १९२८ पासूनचा विमानतळ. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तो हाच. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या धावपट्टीवर मोटारींच्या रेस व्हायच्या. गवताचे भारे आणि पिंपं मांडून वळणं तयार करायची, की झाला ट्रॅक. काका ट्रेलरवर गाडी नेत नसत. ट्रेलर होता कुणाकडे? त्याच गाडीत बसून लालबागहून निघायचं, माहीम ओलांडून घोडबंदर रोडने, म्हणजे आजच्या एस. व्ही. रोडने, जुहूला. शेजारी काकू, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. तिथे पोचलं की डबा, काकू आणि स्टेपनी खाली उतरवायची, काच आडवी करायची, आणि लायनीत उभं राहायचं. संध्याकाळी गाडी धड असली तर तीच घेऊन परत. नसली तर सांताक्रूझहून लोकल.

रेसच्या इंजिनात तेव्हा कॅस्ट्रॉल आर नावाचं तेल घालायचे. ते एरंडेलापासून केलेलं. जळलं की गोडसर, उग्र वास सुटतो, एकदा नाकात बसला की जात नाही. काकू सांगते, "घरात एरंडेल म्हटलं की पोरं पलंगाखाली लपायची, आणि ह्यांना त्या वासाने भूक लागायची."

पहिला नंबर त्यांचा कधीच आला नाही. दोन कप आहेत, दोन्ही तिसऱ्या नंबरचे. एकात काकू बटणं आणि सुया ठेवते.

मग भोईवाड्याच्या स्मशानात त्या दिवशी एवढी माणसं कुठून आली? त्यातले एक गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत माझ्याकडे आले. साठच्या दशकात फियाट पळवायचे. जुहूला रेस सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी त्यांची अ‍ॅक्सिलरेटरची केबल तुटली. काकांनी स्वतःची गाडी सोडून सायकलच्या ब्रेकची केबल कापली, टोकाला डाग दिला आणि बसवून दिली. "आणि तिसऱ्या राउंडला मी तुझ्या काकाला मागे टाकलं की रे," ते म्हणाले. हसले, मग चष्मा काढला. अशा गोष्टी त्या दिवशी मी सात-आठ तरी ऐकल्या. कुणाचा गॅस्केट, कुणाची प्लग, कुणाचं नुसतंच टेन्शन.

मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर रेस व्हायच्या. काका दोनदा गेले, अर्थात याच गाडीने. पहिल्या खेपेला कोल्हापूरच्या अलीकडे मागचा हाफ शाफ्ट, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, तुटला. टीसीचं हे दुखणं जुनंच आहे. पण तुटायचा तो योग्य गावाजवळ तुटला! कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणारी माणसं बसली आहेत. एका वर्कशॉपवाल्याने तुटलेले दोन तुकडे जुळवून बघितले, काकांना म्हणाला, "लेथ येतंय न्हवं तुम्हाला? मग बसा की." रात्रभर दोघांनी मिळून नवा शाफ्ट काढला. एका टोकाला निमुळता उतार आणि चावीची खाच, दुसऱ्या टोकाला दाते. पैसे घेतले नाहीत. सकाळी गाडीतून रंकाळ्याला एक चक्कर मारून आणा, एवढंच. शोलावरमला सरावाची फेरी हुकली. तो शाफ्ट अजून गाडीत आहे.

१९८२ मध्ये मिलचा संप झाला आणि लालबागचे छोटे कारखाने बसले. बुश कुणाला हवे होते? गाडीवर ताडपत्री पडली. दलाल येऊन गेले, चांगले आकडे बोलले. काका त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. त्या वर्षांबद्दल ते बोलत नसत, म्हणून मीही बोलत नाही.

(दृश्य : पहाट. गाडीच्या मागची सपाट टाकी. झाकण उघडतं.)

टीसीला पेट्रोलचा काटा नसतो. संपत आलं की एक हिरवा दिवा लागतो, तो आमच्या गाडीत कधीचा गेलाय. म्हणून काकांनी ही लाकडी फूटपट्टी ठेवली. माझ्या चुलतबहिणीची, शाळेतली. मागे शाईने लिहिलंय, 'इयत्ता ५ वी ब'. ती शाळाभर शोधत होती, बाईंनी छड्याही दिल्या होत्या. पट्टी तिसऱ्या वर्षी टाकीत सापडली.

पट्टी आत सोडायची, वर काढायची आणि वास उडायच्या आत ओली रेघ वाचायची. साडेतीन इंच.

काकू खाली आली आहे. डोक्याला रुमाल बांधलाय. जुहूच्या धावपट्टीवर आता हेलिकॉप्टरं उतरतात, आत सोडत नाहीत, हे तिला दोनदा सांगून झालं. "भिंतीबाहेरून दिसेल तेवढं बघू," म्हणाली, आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

(इंजिन सुरू होतं.)